खोडलेला रकाना

कोल्हापूरहून वडगावला जाणारी एस.टी. शिरोली एमआयडीसीचा थांबा सोडून जेमतेम एक किलोमीटर पुढे गेली असेल, तेवढ्यात गणपतराव उठून उभे राहिले आणि त्यांनी घंटीची दोरी ओढली. डिसेंबर १९९८ मधली दुपार होती. एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलीचे लग्न आटोपून आम्ही दोघे परत निघालो होतो.

"पावणं, हितं थांबा न्हाय," कंडक्टर म्हणाला.

"ठावं हाय मला. तरी थांबवा."

"कशाला?"

गणपतरावांनी करंगळी वर केली. गाडीत हशा पिकला.

मागच्या बाकावरची एक बाई म्हणाली, "लग्नाच्या मांडवात सोय नव्हती व्हय?" आणि एका तरुणाने तिला साथ दिली, "आजोबा, गाडी काय घरची हाय?"

"घरची असती तर आदी तुला खाली उतरवला असता," असे म्हणून गणपतराव उतरले आणि रस्त्याकडेच्या उसाच्या बांधाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले.

मी घड्याळाकडे पाहिले. ही माझी नोकरीतली सवय. तीन मिनिटे झाली, ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला, तरी ते तसेच उभे होते. शेवटी मी आमच्या दोन्ही पिशव्या घेऊन खाली उतरलो आणि कंडक्टरला गाडी सोडायला सांगितले. गणपतराव परत आले तेव्हा सात मिनिटे झाली होती. कपाळावर घाम होता.

"झालं?" मी विचारले.

"झालं म्हनायचं. थेंब थेंब गळतंय आन् थांबतंय. आत भरलेलंच हाय. घरी जाईस्तोवर परत लागंल."

पुढच्या थांब्यापर्यंत आम्ही चालत गेलो. त्या वाटेवर त्यांनी मला सारे सांगितले. दोन वर्षांपासून हा त्रास होता. रात्री पाच पाच वेळा उठावे लागत होते. उभे राहिल्यावर सुरुवात व्हायलाच वेळ लागत होता. "मला वाटलं वय झालं. समद्यांनाच असतंय. तुमाला न्हाय का, भाऊसो?"

"रात्री एकदा उठावे लागते," मी म्हणालो.

"म्हंजे तुमी पास," ते म्हणाले आणि हसले.

हे हसणे समजण्यासाठी आमचे नाते सांगायला हवे. मी तंत्रनिकेतनातून पदविका घेतलेला माणूस. शिरोलीच्या एका फौंड्रीत मी १९६९ पासून १९९७ पर्यंत तपासनीस होतो आणि गणपतराव तिथेच वाळूचे साचे भरणारे मोल्डर होते. त्यांनी ओतलेला प्रत्येक नग माझ्या टेबलावरून जात असे. मी खडूने बरोबरची खूण केली की माल बाहेर पडे, फुली मारली की परत भट्टीत. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी माझ्या फुलीवर कधी वाद घातला नाही. ते वडगावातले शेतकरी मराठा, मी त्याच गावातल्या बौद्ध वस्तीतला. १९७१ साली त्यांनी मला प्रथम घरी जेवायला नेले, तेव्हा माझे ताट त्यांच्या ताटाशेजारी, चुलीपाशी, मांडलेले होते. त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती. त्यांच्या पत्नी चिमणाबाई तेव्हापासून मला भावजी म्हणत.

जानेवारीत मी त्यांना कोल्हापुरात मूत्ररोगाच्या एका डॉक्टरांकडे नेले. डॉक्टर तरुण होते, पस्तिशीच्या आतले. त्यांनी हातमोजा घालून बोटाने तपासणी केली, सोनोग्राफी केली, रक्त घेतले. गणपतराव तपासणीच्या खोलीतून बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"पोराच्या वयाचा हाय," ते माझ्या कानाशी म्हणाले. "शिकून शिकून ह्ये शिकला!"

डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून समजावले. मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाच्या भोवती, प्रोस्टेट नावाची एक ग्रंथी असते. तरुणपणी ती सुपारीएवढी असते. पन्नाशीनंतर बहुतेक पुरुषांत ती वाढू लागते. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. पण ती मधल्या नळीला आवळते.

मला हे तत्काळ समजले आणि मी ते गणपतरावांना आमच्या भाषेत सांगितले. नळकांडे ओतताना मध्ये वाळूचा गाभा ठेवतात, त्यामुळे भोक राहते. गाभा बारीक पडला तर बाहेरून नग तेवढाच दिसतो, पण आतले भोक अरुंद होते. बाहेरून माप घेऊन काही कळत नाही.

"अगदी बरोबर," डॉक्टर म्हणाले. "ग्रंथी किती मोठी आहे यापेक्षा ती आत किती दाबते हे महत्त्वाचे. आणि खरी भीती ग्रंथीची नाही, मूत्रपिंडांची आहे. मूत्राशय हा स्नायू आहे. वाट अरुंद झाली की तो जास्त जोर लावतो. काही काळ निभावतो. मग थकतो, सैल पडतो. लघवी साठत जाते आणि दाब मागे, मूत्रपिंडांवर येतो. तो येतो तेव्हा दुखत नाही."

लघवी करून आल्यावरही गणपतरावांच्या मूत्राशयात एकशे ऐंशी मिलिलिटर शिल्लक राहत होती. मूत्रपिंडे चांगली होती. डॉक्टरांनी रात्री घ्यायची एक गोळी दिली. दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी आणि रक्ततपासणीला यायला सांगितले. गरज पडली तर पोट न फाडता, दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करता येते, असेही सांगितले. गणपतराव शर्ट घालायला आत गेले तेव्हा डॉक्टरांनी मला थांबवले.

"आजोबा तुमचे ऐकतात असे दिसते. एक लक्षात ठेवा. झोपेत अंथरूण ओले होऊ लागले तर त्याच दिवशी घेऊन या. माणसाला वाटते की गोळीने झोप लागली. तसे नसते. टाकी काठोकाठ भरून वरून सांडत असते."

मी मान हलवली. मला ते नीट समजले होते. हे मी पुन्हा सांगतो, कारण पुढे जे घडले ते न समजल्यामुळे घडलेले नाही.

परतीच्या एस.टी.त गणपतराव म्हणाले, "कबनूरच्या माझ्या मामाचं ह्येच ऑपरेशन झालतं. पोट फाडलं, तिसऱ्या आठवड्यात गेला. माझ्यानं न्हाय जमायचं ते, भाऊसो."

"आता पोट फाडत नाहीत. डॉक्टरांनी सांगितले ना?"

"त्यांनी सांगितलं. तुमी सांगा. तुमी बगा आन् ठरवा. तुमी फुली मारली तर मी टेबलावर जाऊन झोपतो, त्या पोरानं काय बी करू दे. पन तुमी बगितल्याबिगार न्हाय."

मी "बरे" म्हणालो. त्यावेळी मला त्यात जबाबदारीपेक्षा मान अधिक दिसला असावा.

फेब्रुवारीत मी एक तक्ता केला. जाड कागदावर पट्टीने आखला. तारीख, दिवसा किती वेळा, रात्री किती वेळा, सुरुवात व्हायला किती सेकंद. त्याच्यापुढे मी पाचवा रकाना आखला होता आणि त्याच्या डोक्यावर "अंथरूण" असा शब्दही लिहिला होता. मग मी थांबलो. हा कागद गणपतरावांच्या माजघरात, दाराच्या मागे टांगला जाणार. तिथून सून जाणार, मुलगा विजयसिंह जाणार, आलागेला शेजारी जाणार. ज्याच्या हाताखाली पंचवीस पोरे मोल्डिंग शिकली त्या माणसाच्या घरात तो शब्द टांगायचा? मी खोडरबराने तो रकाना पुसला. तेवढे तोंडी विचारत जाऊ, असे ठरवले.

मर्यादाही ठरवली. रात्रीच्या वेळा महिन्याच्या सरासरीने सहाच्या वर गेल्या तर शस्त्रक्रिया. फौंड्रीत प्रत्येक मापाला अशी मर्यादा असे, आणि मर्यादेच्या आत असलेल्या नगाला मी कधी अडवले नव्हते.

पहिले सहा महिने आकडा पाचच्या आसपास राहिला. मे महिन्यात आम्ही डॉक्टरांकडे गेलो. शिल्लक दोनशे मिलिलिटर. डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, पण तीन महिन्यांनी चुकवू नका. ऑगस्टमध्ये विजयसिंहाची दूधगाडी गॅरेजमध्ये होती आणि गणपतरावांची म्हैस व्यायला झाली होती, म्हणून ती फेरी महिनाभर पुढे गेली. सप्टेंबरात मी तक्ता पाहिला तर रात्रीची सरासरी चारवर आली होती. ऑक्टोबरात तीन.

"गोळी लागू पडली," गणपतराव म्हणाले. "काय म्हनता? जायाचं का कोल्हापूरला?"

मी तक्ता पुन्हा पाहिला. मी त्यावेळी म्हणालो ते शब्द मला जसेच्या तसे आठवतात. "आकडा उतरता आहे. तपासणी पुढे ढकलायला हरकत नाही."

नोव्हेंबरात दोन झाले. डिसेंबरपासून एक. मी हे सारे आलेखाच्या कागदावर मांडले. रेघ इतकी सरळ उतरत होती की नोकरीत असतो तर ती मी साहेबांच्या केबिनमध्ये लावली असती. वाचनालयात दुपारी आम्ही निवृत्त लोक वर्तमानपत्र वाचायला जमत असू. तिथे मी तो आलेख दाखवला. नाव सांगितले नव्हते, पण वडगावात नाव सांगावे लागत नाही. तिघांनी कार्बन ठेवून तक्ता उतरवून घेतला. एक निवृत्त तलाठी म्हणाले, "कुरणे, तुम्ही डॉक्टर व्हायला पाहिजे होतं." मी नको नको म्हणालो, आणि मला बरे वाटले.

दिवसाच्या वेळा मात्र वाढत होत्या. नऊच्या बारा झाल्या, बाराच्या पंधरा. ते मी पाहिले. थंडीचे दिवस आहेत, गणपतरावांचा चहा फार आहे, असे कारण मी समासात लिहून ठेवले.

आणि वाकळ. चिमणाबाईंच्या घरामागे शेवग्याला बांधलेली एक दोरी होती. तिच्यावर जुन्या लुगड्यांची शिवलेली, अंथरायची जाड वाकळ टाकलेली असे. पहिल्यांदा मी ती जानेवारीत पाहिली. मग दर भेटीत पाहिली. पावसाळ्यातही ती पडवीत निखाऱ्याच्या घमेल्याशेजारी पसरलेली होती, आणि तिच्यातून वाफ निघत होती. बाई किती स्वच्छतेची आहे, असे माझ्या मनात आले. असे मनात आले हे खरे आहे. त्याच्या खाली आणखी काही आले होते का, आणि मी ते पुसले होते का, हे मी आज शपथेवर सांगू शकत नाही.

मी चिमणाबाईंना एकदा विचारलेही. "वहिनी, रात्री किती वेळा उठतात?"

त्या चुलीपुढे बसल्या होत्या. त्यांनी फुंकणी खाली ठेवली, नवऱ्याकडे पाहिले, मग दारामागच्या कागदाकडे पाहिले.

"एकदाच उठत्यात, भावजी."

"झोप चांगली लागते?"

"लागती की," गणपतरावच म्हणाले. "मेल्यासारखी."

चिमणाबाईंनी पुन्हा फुंकणी उचलली. मी तक्त्यावर १ हा आकडा लिहिला.

जून २००० मध्ये गणपतराव भाकरीवरून उठू लागले. दोन घास खाल्ले की मळमळते म्हणत. अंगाला खाज सुटे. पायांवर सूज दिसू लागली. बोट दाबले की खड्डा तसाच राही. मी म्हणालो, उन्हाळा बाधला असेल, आणि उभे राहून दूध घालायला जाता म्हणून पाय सुजतात. यातल्या कशालाही माझ्या तक्त्यात जागा नव्हती, आणि रात्रीचा आकडा एकच होता. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांना उचकी लागली. ती दोन दिवस थांबली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी विजयसिंहाला ओळखले नाही.

आम्ही त्यांना त्याच डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी सोनोग्राफीचे यंत्र पोटावर ठेवले आणि क्षणभर हात थांबवला. मग पोटावर बोटाने वाजवून मला दाखवले. बेंबीच्या वरपर्यंत मूत्राशय फुगलेले होते. मी त्याला वाढलेले पोट समजत आलो होतो. त्यांनी नळी घातली. पिशवी भरली, बदलली, दुसरी भरली. एकूण दोन लिटर दोनशे.

"दुखत नव्हते?" डॉक्टरांनी विचारले.

"न्हाय," विजयसिंह म्हणाला. "उलट बरंच चाललंतं. रात्रीचं उठणं बंद झालतं."

"अंथरूण?"

चिमणाबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाशी नेला.

"मावशी, अंथरूण ओले होत होते का?"

"व्हय."

"किती दिवस?"

"गेल्या गणपतीपासनं. वरीस झालं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. मी पिशवीतून तक्ते काढून त्यांच्यापुढे ठेवले. का ठेवले ते मला माहीत नाही. कदाचित अठ्ठावीस वर्षे तक्रार आली की मी कागद पुढे ठेवत आलो म्हणून. त्यांनी ते एकेक करून पाहिले आणि गेल्या सप्टेंबरच्या तक्त्यावर बोट ठेवले.

"हा आकडा इथे कमी झाला. ते उठायचे कमी झाले, कारण मूत्राशयाने सांगणेच सोडले. त्या महिन्यात आला असता तर नळी, आणि आठ दिवसांनी शस्त्रक्रिया. मूत्रपिंडे वाचली असती."

"आता?"

"रक्त पाहू. पण ती सुकलेली दिसतात."

चिमणाबाई माझ्याजवळ आल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

"मी सांगणार हुते, भावजी. लई येळा मनात आलं. पर ह्येंनी आन घातली हुती. आन् तुमच्या कागदावर ते इचारल्यालंच नव्हतं की. मला वाटलं, तुमी शिकल्याला मानूस, लागत असतं तर इचारलं असतं."

त्या रात्री घरी मी शेवंताबाईंना, माझ्या पत्नीला, हे सांगितले. त्या भांडी पुसत होत्या. त्यांचा हात थांबला नाही.

"मला ठावं होतं," त्या म्हणाल्या. "चिमणाबाईनं संक्रांतीच्या सुमारास सांगितलं होतं. विहिरीवर रडली बिचारी."

"आणि तू मला सांगितले नाहीस?"

"काय सांगू? तुम्ही तेचा कागद करून वाचनालयात दाखवला असता."



गणपतरावांची शुद्ध आली, उचकी गेली, सूज उतरली. शस्त्रक्रियाही नंतर झाली, दुर्बिणीतूनच, आणि ती उत्तम झाली. वाट मोकळी झाली, पण त्या वाटेने यायला आता फारसे काही उरले नव्हते. सप्टेंबरपासून मंगळवार आणि शुक्रवार, कोल्हापुरात डायलिसिस. सकाळी साडेसहाला विजयसिंह जीप काढी. वाटेत माझ्या दारात थांबे आणि मी मागे गणपतरावांशेजारी बसे. चार तास यंत्र चाले. त्यांच्या दंडाला दोन सुया, शेजारी मी स्टुलावर.

डॉक्टरांना मी एकदा एकटे गाठून विचारले होते की किती दिवस. ते म्हणाले, वय आणि हृदय पाहता एक वर्ष, कदाचित थोडे अधिक.

गणपतराव त्या खोलीत लवकरच सर्वांचे ओळखीचे झाले. शेजारच्या खाटेवर हातकणंगल्याचे एक शिक्षक असत. त्यांना ते सांगत, "ह्यो माझा दोस्त. दीड वरीस ह्येनं माझ्या लघवीची नोंद ठिवली. पट्टीनं रेघा मारून. सख्खा भाऊ करंल का?"

"मग तरी हितं कसं पोचलासा?" शिक्षक विचारत.

"नशीब. त्येला भाऊसो काय करनार? जोतिबाच्या मनात आलं. मी रोज त्येला शिव्या घालतो. म्हनतो, अठ्ठावीस वर्सं भट्टीपुढं उभा ऱ्हायलो, तवा तहान दिलीस आन् पानी बी दिलंस. आता तहान ठिवलीस आन् पानी काडून घेतलंस."

कारण पाणी दिवसाला पाऊण लिटरवर आले होते. ते बर्फाचा खडा जिभेवर ठेवून बसत.

प्रत्येक मंगळवारी आणि प्रत्येक शुक्रवारी मी ही माझी स्तुती ऐकली. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. मी जेवत होतो, झोपत होतो, वाचनालयात जात नव्हतो. त्या तिघांचे तक्ते मी परत मागून घेतले आणि त्यांना डॉक्टरांकडे जायला सांगितले. दोघे गेले. तिसऱ्यांनी तक्ता देताना विचारले, "का हो, चांगला होता की." मी कारण सांगितले नाही.

जानेवारी २००१ मधल्या एका शुक्रवारी शिक्षकांची खाट रिकामी होती. गणपतरावांनी ती पाहिली आणि काही विचारले नाही. यंत्र सुरू झाले. खोलीत जवळजवळ आम्ही दोघेच होतो. मी ठरवून आलो नव्हतो.

"गणपतराव, तुम्हाला एक सांगायचे आहे."

"सांगा की."

मी सांगितले. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी अंथरुणाबद्दल बजावले होते, ते तुम्ही शर्ट घालत होता तेव्हा. मी तो रकाना आखला होता आणि खोडला. तोंडी विचारणार होतो, ते कधी विचारले नाही. तपासणी मी पुढे ढकलली. क्रमाने सांगितले, काही गाळले नाही.

ते छताकडे पाहत राहिले. यंत्राचे चाक फिरत होते. मग ते म्हणाले, "मी बी बोललो न्हाय. म्हातारा मानूस हातरुणात मुततो, ह्ये काय चार लोकांत सांगायचं असतंय? मला वाकळ ठावं हुती, अर्थ ठावं नव्हता. तुमाला अर्थ ठावं हुता, वाकळ ठावं नव्हती. जुळलं न्हाय, एवडंच. जाऊ द्या."

इथे मी थांबायला हवे होते. त्यांनी मला एक दार उघडून दिले होते आणि मला फक्त त्यातून बाहेर पडायचे होते. पण अर्धवट तपासणी करून नग पुढे सोडणे मला कधी जमले नाही, आणि जिथे ते जमवून घेतले तिथेच हा माणूस संपत चालला होता.

"वाकळ मी पाहिली होती," मी म्हणालो. "गेल्या वर्षीच्या जानेवारीपासून. दर वेळी. पावसात ती घमेल्यावर वाळत होती तेव्हाही."

त्यांनी मान वळवली. सुया टोचलेला हात न हलवता, फक्त मान. माझ्या चेहऱ्यात ते काहीतरी शोधत होते, आणि ते सापडेपर्यंत त्यांनी नजर काढली नाही.

"ह्ये मला कशाला सांगितलं, भाऊसो?"

मी त्यांच्या दंडावरच्या सुयांकडे पाहिले.

"मी जोतिबाला बोल लावत हुतो. त्यो दगडाचा हाय, त्येला काय लागत न्हाय. त्येच्यावर राग काडला की मला झोप येत हुती. आता त्यो राग कुटं ठिवू? तुमच्यावर? तुमी माज्या चुलीपाशी जेवल्याला मानूस. तुमच्यावर राग धरून मरायचं, ह्ये माज्या वाट्याला कशाला दिलं? तुमच्या पोटात हुतं ते तुमी माज्या पोटात टाकलं. तुमी मोकळं झाला."

"मोकळा झालो नाही."

"मग सांगून उपेग काय झाला?"

त्यांनी मान पुन्हा फिरवली, या वेळी भिंतीकडे. उरलेले तीन तास ते बोलले नाहीत. परिचारिका बर्फ घेऊन आली, त्यांनी तो घेतला नाही. परतताना जीपमध्ये त्यांनी विजयसिंहाला आपल्याला पुढच्या सीटवर बसवायला सांगितले, पाय अवघडतात म्हणून. मी मागे एकटा बसलो.

पुढच्या मंगळवारी मी सव्वासहाला तयार होऊन दारात उभा होतो. साडेसहाला जीप आली. वेग कमी झाला. विजयसिंहाने माझ्याकडे पाहिले, बापाकडे पाहिले, आणि गाडी पुढे नेली. दुपारी तो एकटा घरी आला. चप्पल न काढता उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"काका, आबा म्हणत्यात, कशाला तरास. रोजचं जाणं-येणं. मी हाय की."

"बरं."

"तुमच्यात काय झालं का?"

"नाही," मी म्हणालो. मग म्हणालो, "हो. त्यांना विचार."

"इचारलं. न्हाय म्हनत्यात."

त्याला सांगितले असते तर तो राग त्याच्याही पोटात गेला असता. हे शहाणपण मला चार दिवस उशिरा आले होते. मी त्याला चहा विचारला. तो घाईत होता.

चिमणाबाई पूर्वीसारख्याच भेटत. बाजारात दिसल्या की भावजी म्हणून हाक मारत, शेवंताबाईंच्या गुडघ्याची चौकशी करत. त्यांना काही सांगितले गेले नव्हते. "येत जावा की घरला," त्या म्हणत. "ह्येंना करमत न्हाय." मी येतो म्हणे. दोनदा त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलोही. तिथून पडवी दिसते. गणपतराव खुर्चीवर बसलेले होते, हाडांचा सापळा झालेले, पायांवर घोंगडे. एकदा त्यांनी माझ्या दिशेने पाहिले. मी दिसलो की नाही, हे अंतर पाहता सांगता येणार नाही. साठ-सत्तर फूट होते. मी परत फिरलो.

पण सकाळी साडेसहाला मी दारात उभा राहत असे. मंगळवारी आणि शुक्रवारी. जीप वडाच्या वळणावरून येई आणि माझ्या दारासमोरून जाई. पुढच्या सीटवर गणपतराव, मफलर गुंडाळलेले, सरळ समोर पाहणारे. काच वर केलेली असे. अकरा आठवडे हे चालले. मी हात वर केला नाही आणि त्यांनी मान वळवली नाही. तरीही ते दोन-तीन सेकंद मला पुढच्या फेरीपर्यंत पुरत होते. माणूस अजून आहे, एवढे त्यातून कळत होते.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, शुक्रवारी, साडेसहा झाले. पावणेसात झाले. शेवंताबाई आतून बाहेर आल्या, माझ्याजवळ उभ्या राहिल्या आणि रस्त्याकडे पाहू लागल्या. सात वाजता गणपतरावांच्या गल्लीकडून एक माणूस सायकलवर येताना दिसला. तो आमच्या घराशी थांबणार आहे हे त्याच्या मंदावलेल्या पायडलवरून कळत होते.

"तुम्ही आत चला," शेवंताबाई म्हणाल्या.

मी आत गेलो नाही.